जुनी गाडी नवीकोरी कशी घ्यावी

ज्यांना १९६९ सालची अमेरिकन गाडी हवी आहे, पण १९६९ सालचे ब्रेक नको आहेत, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. बटण दाबले की इंजिन सुरू व्हावे, उन्हाळ्यात एसी चालावा, फोन गाडीला जोडता यावा, आणि तरीही सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून ‘माझ्याकडे अगदी अशीच होती’ म्हणावे, एवढी माफक अपेक्षा असणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्या सोयीसाठी डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांपासून फ्लोरिडातल्या गॅरेजांपर्यंत एक अख्खा धंदा उभा राहिला आहे. खिशात पन्नास हजार डॉलर असोत की चार लाख, कोणालाही विन्मुख पाठवले जात नाही. पन्नासच डॉलर असतील तर पोस्टर मिळते.

पूर्वज्ञानाची अट नाही. किंबहुना पूर्वज्ञान असले की खरेदीचा निर्णय उगाच लांबतो.

पायरी पहिली : मूळपुरुषाची ओळख करून घ्या

ज्या गाडीला मानवंदना द्यायची तिचे कूळ ठाऊक नसेल, तर गाडीवेड्यांच्या पहिल्याच मेळाव्यात पितळ उघडे पडते. म्हणून पुढचा इतिहास पाठ करावा.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. त्यांच्या पाँटिअ‍ॅक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा नियम मोडला नाही. त्यांनी तो नीट वाचला. नियम गाडीच्या मॉडेलला लागू होता, वरून घ्यायच्या ऐच्छिक सामानाला नव्हता. मग १९६४ च्या ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या साध्यासुध्या गाडीवर सुमारे ३०० डॉलरचे एक ऐच्छिक पॅकेज आले. त्या पॅकेजात ३८९ घनइंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन होते. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला आणि लोकांना नेमका तो बोंगाच आवडला. पॅकेजचे नाव ‘जीटीओ’; तेही फेरारीच्या २५० जीटीओवरून उचललेले. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा वरिष्ठांचा अंदाज होता. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या.

हा परिच्छेद जपून ठेवा. पुढे कोणी ‘तुमची गाडी अस्सल नाही’ म्हणाले की तो उपयोगी पडतो. जिला सगळे मसल कारची, म्हणजे साध्या अंगात दांडगे इंजिन घातलेल्या गाड्यांच्या जातीची, आई मानतात, तीच मुळात नियमाला वळसा घालून आणि दुसऱ्याचे नाव लावून जन्मली होती.

त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड मस्टँग आली. तिची सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर, आणि आतले बरेचसे सामान ‘फाल्कन’ या घरगुती गाडीचे. पुढे डॉज चार्जर, शेव्हरले कॅमॅरो, पाँटिअ‍ॅक फायरबर्ड, प्लिमथ बॅराकूडाची तगडी आवृत्ती ‘कूडा’, डॉज चॅलेंजर अशी रांग लागली. सगळ्यांची कृती एकच : साधी गाडी घ्या, तिच्यात न शोभेल एवढे इंजिन घाला आणि पंचविशीतल्या पोराला परवडेल अशा किमतीला विका.

मग विम्याचे हप्ते वाढले. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, शिसेविरहित पेट्रोलच्या तयारीसाठी इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले. १९७४ मध्ये बॅराकूडा, चॅलेंजर आणि जीटीओ तिन्ही बंद पडल्या. मस्टँग जगली, पण त्या वर्षीच्या मस्टँगला व्ही-८ इंजिनच मिळत नव्हते. हे सांगताना आवाज थोडा खाली आणावा. १९७८ मध्ये डॉजने ‘चॅलेंजर’ हे नाव मित्सुबिशीच्या चार सिलिंडरच्या जपानी गाडीला चिकटवले, हे मात्र सांगू नये. शुभप्रसंगी असल्या गोष्टी काढत नाहीत.

पायरी दुसरी : पंथ निवडा

या क्षेत्रात पाच पंथ आहेत आणि प्रत्येक पंथ उरलेल्या चारांना खोटे समजतो.

*कारखाना पंथ.* यात मूळ कंपनीच आपल्या जुन्या गाडीची नक्कल करते. २००५ च्या मॉडेलपासून फोर्डने मस्टँगला साठच्या दशकातला चेहरा परत दिला. २००८ मध्ये चॅलेंजर परतली आणि २०१० च्या मॉडेलपासून कॅमॅरो. चॅलेंजर पाहताना १९७० आठवावे आणि कॅमॅरो पाहताना १९६९, अशी योजना होती. कॅमॅरोच्या रेखाटनकारांनी छप्पर इतके खाली आणले आणि खिडक्या इतक्या बारीक केल्या की गाडीबाहेरच्यांना १९६९ दिसे आणि आत बसलेल्याला फारसे काहीच दिसत नसे.

अमेरिकन अभिमानाची ही प्रतीके. त्यांतली चॅलेंजर कॅनडात ब्रॅम्प्टनला जुळवली जाई. परतलेली पहिली कॅमॅरोसुद्धा कॅनडातच, ओशावाला. तिचा सांगाडा ऑस्ट्रेलियाच्या होल्डनने बेतलेला होता. चॅलेंजरच्या सांगाड्यात मर्सिडीजचे अंश होते. मस्टँग तेवढी मिशिगनमध्ये फ्लॅट रॉकला तयार होते. २००५ साली तो कारखानाही माझ्दाबरोबर भागीदारीत होता. झेंड्याचे स्टिकर लावताना या परिच्छेदाची आठवण काढू नये.

याच पंथातला एक धोक्याचा इशारा म्हणजे २००४ ची जीटीओ. जनरल मोटर्सने ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो आणली आणि तिला जीटीओचा बिल्ला लावला. इंजिन ३५० हॉर्सपॉवरचे, पुढच्या वर्षी ४००. चालायला गाडी उत्तम. पण चेहरा चारचौघांसारखा. जुन्या भक्तांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, देव सापडला नाही, आणि ते घरी गेले. २००६ नंतर ती बंद झाली. धडा असा की या बाजारात गाडी नुसती चांगली असून भागत नाही, लांबून ओळख पटावी लागते.

*रेस्टोमॉड पंथ.* खरी जुनी गाडी घ्यायची, गंजका पत्रा कापायचा आणि आत नवे इंजिन, नवे ब्रेक, नवे स्टिअरिंग, नवी वायरिंग घालायची. विस्कॉन्सिनमधल्या स्प्रिंग ग्रीनचे रिंगब्रदर्स आणि ग्राफ्टनची स्पीडकोर ही यातली मोठी नावे. काम संपल्यावर मूळ गाडीतले नेमके काय उरले, हे विचारायचे नसते. काही वेळा अख्खे अंगच कार्बन फायबरचे होते. मग चेसिस नंबर तेवढा जुना राहतो आणि त्याच्याभोवती नवी गाडी बसवली जाते.

*पुनर्जन्म पंथ.* यांना जुना पत्राही नको. मूळ कंपन्यांच्या परवान्याने १९६७ च्या मस्टँगचे किंवा १९६९ च्या कॅमॅरोचे नवेकोरे पोलादी सांगाडे बनवणारी डायनाकॉर्न ही कंपनी अमेरिकेत आहे. फ्लोरिडात ऑर्लँडोची रेव्हॉलॉजी अशाच नव्या सांगाड्यात फोर्डचे आजचे ५ लिटरचे व्ही-८ बसवून साठच्या दशकातली मस्टँग शून्य किलोमीटरवर तुमच्या हाती देते. किंमत दोन लाख डॉलरच्या वर. तेवढ्यात साध्या इंजिनाची खरी जुनी मस्टँग येते आणि वर बरेच पैसे उरतात, पण त्या पैशांनी पुढे काय करावे लागते हे खऱ्या जुन्या मस्टँगच्या मालकालाच विचारावे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण या पंथाने भिंतीवर लावून ठेवावी.

*मुखवटा पंथ.* हा सर्वांत रसाळ पंथ. त्याला पुढे स्वतंत्र पायरी दिली आहे.

*क्लोन पंथ.* स्वस्तातली खरी जुनी गाडी घेऊन तिला महागड्या खऱ्या जुन्या गाडीचे सोंग द्यायचे. सहा सिलिंडरच्या कॅमॅरोवर झी-२८ या महागड्या कॅमॅरोचे पट्टे, ल मान्सवर जीटीओचे बिल्ले. विक्रेता प्रामाणिक असेल तर जाहिरातीतच ‘ट्रिब्यूट’, म्हणजे मानवंदना, असे लिहितो. अर्धा प्रामाणिक असेल तर ‘क्लोन’ हा शब्द फोनवर, शेवटी आणि घाईघाईने उच्चारतो. तिसऱ्या प्रकारचा विक्रेता काहीच लिहीत नाही, फक्त किंमत लिहितो.

पायरी तिसरी : दात्याची निवड

मुखवटा पंथात एक आधुनिक गाडी दाता म्हणून घेतात आणि तिच्यावर जुन्या गाडीचे अंग चढवतात. दाता निरोगी, तरुण आणि शक्यतो वॉरंटीत असावा. वॉरंटी संपते ती करवत लागल्यावर.

फ्लोरिडातल्या टॅलाहासीची ट्रान्स अ‍ॅम वर्ल्डवाइड ही कंपनी अलीकडची कॅमॅरो घेते, तिच्यावरच्या शेव्हरलेच्या खुणा पुसते आणि तिला पाँटिअ‍ॅक फायरबर्ड ट्रान्स अ‍ॅमचे रूप देते. नाक बदलते, दिवे बदलतात, बॉनेटवर पंख पसरलेला तो प्रचंड पक्षी येतो. अमेरिकन लोक त्या पक्ष्याला प्रेमाने किंचाळणारी कोंबडी म्हणतात. पाँटिअ‍ॅक २०१० मध्ये बंद झाली. म्हणजे ही गाडी जिने बनवायची ती कंपनी हयात नाही, जिने बनवली तिला आपली गाडी ओळखू येत नाही, आणि गाडी मात्र हायवेवर आहे. १९७७ च्या ‘स्मोकी अँड द बँडिट’ या चित्रपटाने मूळ ट्रान्स अ‍ॅम घराघरांत नेली. त्याचे नायक बर्ट रेनॉल्ड्स यांच्या सहीची खास आवृत्तीही याच कंपनीने काढली.

एक्सोमॉड नावाची कंपनी नव्या चॅलेंजरची तगडी ‘हेलकॅट’ आवृत्ती घेऊन तिच्यावर १९६८ च्या चार्जरचे कार्बन फायबरचे अंग चढवते. हे वाक्य सावकाश वाचावे. चॅलेंजर हेलकॅट ही स्वतः १९७० च्या चॅलेंजरची मानवंदना. म्हणजे एका नकलेला आतून पोखरून तिच्यातून दुसऱ्या सालच्या दुसऱ्या गाडीची नक्कल बाहेर काढली जाते. इथवर आलेल्या विद्यार्थ्याने अस्सल या शब्दाचा नाद सोडावा.

येंकोचे उदाहरणही असेच. डॉन येंको हे पेनसिल्व्हेनियात कॅनन्सबर्गला शेव्हरलेचे विक्रेते होते. कॅमॅरोत कंपनी देत नव्हती ते ४२७ घनइंचांचे इंजिन त्यांनी आपल्या दुकानातच बसवून विकायला सुरुवात केली. पुढे १९६९ मध्ये खास ऑर्डरीच्या वाटेने त्यांनी कारखान्यालाच ते बसवायला लावले. अलीकडे न्यू जर्सीतल्या स्पेशॅलिटी व्हेइकल इंजिनिअरिंगने येंकोच्या नावाने १,००० हॉर्सपॉवरची कॅमॅरो बनवली. मूळ येंको कॅमॅरो हीच कंपनीच्या गाडीवरची कारागिरी. तिच्या नकलेला नकली म्हणायचे तर कशाच्या तुलनेत?

सावधान : चॅलेंजर आणि कॅमॅरो या दोघींचेही उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले. नवे दाते जन्माला येत नाहीत. जुन्या गाडीची नवी नक्कल करण्यासाठी यापुढे जुनी झालेली नवी गाडी शोधावी लागेल.

पायरी चौथी : आकडे पाठ करा, पण जपून वापरा

१९६६ च्या ४२६ हेमी इंजिनाचे जाहीर बळ ४२५ हॉर्सपॉवर. २०१५ च्या चॅलेंजर हेलकॅटचे ७०७. २०२३ च्या चॅलेंजर डेमन १७० चे १,०२५, तेही ई-८५ हे इथेनॉलमिश्रित इंधन घातल्यावर. हे तीन आकडे एका दमात म्हणता आले की निम्मे शिक्षण झाले.

उरलेले निम्मे शिक्षण बारीक अक्षरात आहे. १९७२ पूर्वीचे आकडे ‘ग्रॉस’ असत. इंजिन गाडीतून बाहेर, स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर नाही, नेहमीचा सायलेन्सर नाही, डायनॅमोचा भार नाही, अशा मोकळ्याढाकळ्या अवस्थेत ते मोजले जाई. १९७२ पासून ‘नेट’ आकडे आले, म्हणजे गाडीत जसे बसते तसे, सगळा संसार अंगावर घेतलेले इंजिन. आता १९६४ च्या मूळ जीटीओचे ३२५ ग्रॉस आणि आजच्या सर्वांत स्वस्त मस्टँगमधल्या २.३ लिटरच्या, चार सिलिंडरच्या इंजिनाचे ३१५ नेट शेजारी ठेवा. ग्रॉसचे नेट केले की दंतकथा मागे पडते आणि चार सिलिंडर पुढे निघतात. हे सत्य जाहीर मेळाव्यात उच्चारू नये. मेळाव्यातल्या बहुतेकांचे वय आणि रक्तदाब यांचा विचार करावा.

ब्रेकचा विषय निघाला तर मूळ जीटीओला चारही चाकांना ड्रम होते, एवढेच सांगावे. पळायचे कसे हे त्या गाडीला माहीत होते. थांबायचे कसे हा चालक, रस्ता आणि नशीब यांच्यातला खासगी मामला होता.

पायरी पाचवी : रंग आणि पट्टे

पांढरा, करडा, काळा हे रंग हिशेबनीसांसाठी आहेत. तुम्ही ‘प्लम क्रेझी’ घ्या. हा जांभळा रंग १९७० च्या चॅलेंजरला होता आणि नव्या चॅलेंजरलाही मिळे. नाहीतर ‘गो मँगो’ घ्या. हापूसवाल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पट्टे दोनच असावेत, रुंद असावेत आणि बॉनेटवरून डिकीपर्यंत अखंड जावेत. बॉनेटच्या भोकातून वर डोकावणारा ‘शेकर’ स्कूप हा थेट इंजिनावर बसवलेला असतो आणि इंजिनाबरोबर थरथरतो. तुमचा थरथरत नसेल तर तो चिकटवलेला आहे. विक्रेत्याकडे नुसते पाहा, तो आपणच किंमत कमी करेल.

पायरी सहावी : आवाज

मसल कार डोळ्यांआधी कानांनी ओळखतात, म्हणून या बाबतीत आधुनिक उद्योगाने कसलीच कसर ठेवलेली नाही. २०२४ च्या मस्टँगमध्ये ‘रिमोट रेव्ह’ नावाची सोय आहे. गाडीत न बसता, हातातल्या चावीचे बटण दाबून इंजिन गुरगुरवता येते. पूर्वी शेजाऱ्यांची झोप मोडण्यासाठी स्वतः उठावे लागे.

डॉजचा प्रश्न बिकट होता. २०२४ मध्ये त्यांनी चार्जर डेटोना ही विजेवर चालणारी मसल कार आणली. ६७० हॉर्सपॉवर, पण आवाज नाही, कारण विजेच्या मोटारीला गर्जना करायचे कारणच नसते. तेव्हा त्यांनी तिला ‘फ्रॅटझॉनिक’ नावाची यंत्रणा बसवली. तयार केलेला आवाज पोकळ्यांतून घुमवून तो गाडीच्या मागून बाहेर सोडतात. कंपनीचा दावा १२६ डेसिबलचा, म्हणजे हेलकॅटइतका. धूर न सोडणाऱ्या गाडीला सायलेन्सर बसवून तिच्यातून गाणे वाजवण्याचा हा प्रयोग पाहून पेट्रोलवाले चिडले आणि पर्यावरणवाले गोंधळले. पुढे डॉजने त्याच अंगात तीन लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिनही द्यायला सुरुवात केली.

नवशिक्यासाठी सल्ला : आवाज स्पीकरमधून येत असेल तर बॉनेट बंद ठेवावे.

पायरी सातवी : कागद

इथे थट्टा थोडी आवरती घेऊ. या छंदात पैसा खराखुरा बुडतो तो याच पायरीवर.

जमिनीला सातबारा तसा मसल कारला तिचा चेसिस नंबर आणि कारखान्याची मूळ नोंद. पत्रा कोणीही बदलतो, पट्टे कोणीही चिकटवतो, इंजिनसुद्धा मिळते. नोंद मात्र एकदाच होते. १९६६ ते १९७१ च्या पाँटिअ‍ॅकमध्ये नंबराची सुरुवात २४२ ने झाली तर गाडी जन्माने जीटीओ. २३७ ने झाली तर ती ल मान्स, मग बॉनेटवर बिल्ले कितीही असोत. १९६४ आणि ६५ मध्ये जीटीओ हे नुसते ऐच्छिक पॅकेज असल्यामुळे नंबरात काहीच कळत नाही. तेव्हा कारखान्याच्या बिलांच्या नोंदी सांभाळणाऱ्या पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कागद मागवावा लागतो. नियमाला वळसा घालून जन्मलेल्या गाडीने आपल्या वारसांनाही असा वळसा घालायला लावला.

१९७० च्या प्लिमथ बॅराकूडामध्ये नंबराचे पाचवे अक्षर पाहावे. ‘आर’ असेल तर ती ४२६ हेमीची कूडा. ‘जी’ असेल तर ३१८ घनइंचांच्या इंजिनाची साधी बॅराकूडा. एका अक्षराला किती महत्त्व? १९७१ च्या हेमी कूडाच्या, वर उघडणाऱ्या छताच्या गाड्या जेमतेम डझनभर बनल्या. त्यांतली एक २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. अशा अक्षरावर छिन्नी चालवण्याचा मोह कोणालाही होईल, म्हणूनच चेसिस नंबरात फेरफार करणे हा अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे. साधी बॅराकूडा घेऊन तिच्यात हेमी बसवणे ही हौस. तिचे अक्षर बदलणे ही चोरी. दोन्हींतले अंतर एका अक्षराचे असले तरी ओलांडू नये.

नक्कल करणाऱ्या प्रामाणिक लोकांसाठी कायद्यानेही दार उघडले आहे. २०१५ च्या एका कायद्याने छोट्या उत्पादकांना किमान २५ वर्षे जुन्या गाडीसारखी दिसणारी नवी गाडी, वर्षाला ३२५ पर्यंत, बनवण्याची मुभा दिली. नियम तयार व्हायला २०२१ उजाडले, कारण सरकारी कामात कॉम्प्रेशन नेहमीच कमी असते. अशा गाडीला संपूर्ण वाहनाच्या सुरक्षा निकषांतून सूट आहे. पण इंजिनाने आजचे प्रदूषणाचे निकष पाळले पाहिजेत, आणि मूळ रूपाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचा परवाना हवा.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर एलिनॉरची गोष्ट ऐका. १९७४ च्या ‘गॉन इन ६० सेकंड्स’ या चित्रपटात एलिनॉर ही पिवळी मस्टँग होती. २००० च्या नव्या चित्रपटात ती १९६७ ची राखाडी फास्टबॅक झाली आणि जगभरच्या गॅरेजांत तिच्या प्रतिकृती निघू लागल्या. या गाडीवर पात्र म्हणून कॉपीराइट आहे का, यावर वर्षानुवर्षे वकिलांची चूल पेटली. २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की एलिनॉर हे कॉपीराइट मिळण्याजोगे पात्र नाही. ती गाडी आहे.

पायरी आठवी : खुर्ची

सर्व तयारी झाल्यावर घडीची खुर्ची विकत घ्यावी. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जावे. साठच्या दशकात याच रस्त्यावर तरुण पोरे रात्री शर्यती लावत. १९९५ पासून तिथे ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ भरते. आता त्याच वयस्कर झालेल्या पोरांच्या गाड्या तिथे गर्दीमुळे चालण्याच्या वेगाने सरकतात. हजार हॉर्सपॉवर खर्ची घालण्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही.

गाडी लावावी, बॉनेट उघडावे (सहाव्या पायरीतला अपवाद वगळता), खुर्ची गाडीमागे टाकावी आणि बसावे. कोणी जवळ आले तर आधी त्याला बोलू द्यावे. ‘खरी आहे का?’ असे विचारले तर ‘नाही, ट्रिब्यूट आहे’ हे तीन शब्द ताठ मानेने म्हणावेत. समोरचा माणूस क्षणभर नाराज होतो आणि मग इंजिनाविषयी विचारतो. हे शब्द न म्हणणाऱ्यांना मात्र दिवसभर चेसिस नंबरापुढे पाय पसरून बसावे लागते. त्या गर्दीत मराठी ऐकू आली तर दचकू नये. डेट्रॉइट परिसरात मराठी मंडळी भरपूर आहेत आणि त्यांतली बरीच मोटार उद्योगातच अभियंते आहेत. त्यांच्यापुढे ग्रॉस आणि नेटचा घोळ घालू नये.

भारतातल्या वाचकांसाठी टीप

डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाड्यांच्या भानगडीत न पडता उजवीकडे स्टिअरिंग असलेली, ५ लिटरच्या व्ही-८ ची मस्टँग फोर्डने २०१६ पासून भारतात काही वर्षे विकली. किंमत ६५ लाखांच्या घरात होती. जुन्या बाजारात ती आजही मिळू शकते. मात्र तिला १९६७ चे अंग चढवण्याचा विचार असेल, तर आधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचा. कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मूलभूत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पट्टे लावा, करवत नको.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : माझ्या गाडीचा चेहरा ____ सालचा, इंजिन ____ सालचे आणि कर्ज ____ सालापर्यंतचे आहे.

२. २४२ आणि २३७ यांत किती फरक आहे? (अंकगणिताचे उत्तर : ५. बाजाराचे उत्तर : कित्येक हजार डॉलर.)

३. चूक की बरोबर ते सांगा : अमेरिकन अभिमान अमेरिकेतच जुळवावा लागतो.

४. सकारण लिहा : पंचविशीतल्या पोराला परवडावी म्हणून बनलेल्या गाडीची नक्कल साठीतल्या निवृत्त माणसालाच का परवडते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला प्रामाणिकपणे लिहिता आले, तो खरेदीला तयार झाला असे समजावे. नव्या नकला जुन्या गाड्यांपेक्षा जास्त पळतात, लवकर थांबतात, वळणावर सरळ जात नाहीत आणि सकाळी सुरू होतात. यंत्र म्हणून त्या सरस आहेत, यात वाद नाही. जुन्या गाडीकडे एकच गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे तिची नोंद, आणि ती विकत मिळत नाही. तेव्हा खुशाल नक्कल घ्या, भरपूर चालवा, गॅरेजात चादरीखाली झाकून ठेवू नका. आणि विकायची वेळ आली की जाहिरातीच्या पहिल्या ओळीत ‘ट्रिब्यूट’ असे लिहा. किंमत थोडी कमी येईल, तेवढी सोसा. गाडी नकली चालेल, कागद खराच हवा.